कंबरलँड ते जॉर्जटाउन : खेचरांच्या वाटेवरून सायकलने

पोटोमॅक नदीच्या मेरीलँडकडच्या काठाने एक मातीची वाट जाते. डोंगरातल्या कंबरलँड गावापासून वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपर्यंत 184.5 मैल, म्हणजे सुमारे 297 किलोमीटर. एवढ्या अंतरात ती उतरते जेमतेम 605 फूट. ही वाट बांधली गेली ती खेचरांसाठी. शेजारच्या चेसापीक अँड ओहायो कालव्यातली कोळशाने भरलेली होडी दोराने ओढत खेचरं या वाटेनं चालायची. ओझं ओढणाऱ्या जनावराला चढ झेपत नाही, म्हणून वाट सपाट ठेवलेली. त्या सपाटपणाचा फायदा एवढ्या वर्षांनी आम्हा दोघी बहिणींना झाला.

ताईनं साठी ओलांडली आहे. मेरीलँडमध्ये ती कित्येक वर्षं राहते आणि या कालव्यावर तिचा फार जीव. तिच्याकडे गेले की दर वेळी ती मला तिथे चालायला न्यायची. या वेळी म्हणाली, "तुकड्यातुकड्यानं खूप झालं गं. आता वरपासून खालपर्यंत जाऊ." सप्टेंबरचे दिवस होते. भाड्याच्या गाडीत सायकली टाकून आम्ही कंबरलँड गाठलं. सायकलींवर तंबू, छोटा स्टोव्ह, ताईनं केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट.

आपल्याकडे कालवा म्हणजे शेतीचं पाणी. नीरेचा काय, मुठेचा काय, धरणातून सोडलेलं पाणी उतारानं वाहत उसापर्यंत पोचतं. चेसापीक अँड ओहायो कालव्याचं काम वेगळं होतं, वाहतुकीचं. त्यात पाणी जवळजवळ स्थिर हवं, नाहीतर परतीच्या वाटेला होडी प्रवाहाविरुद्ध ओढणार कशी? मग जमिनीचा उतार गाठायचा कसा, तर पायऱ्यांनी. त्या पायऱ्या म्हणजे लॉक. दगडी बांधणीची, 100 फूट लांब आणि 15 फूट रुंद पेटी, दोन्ही टोकांना लाकडी दारं. होडी आत आली की मागचं दार लावायचं, पुढच्या दाराच्या तळाशी असलेल्या झडपा उघडून पाणी सोडून द्यायचं, होडी आठेक फूट खाली उतरली की पुढचं दार उघडायचं. दारं बंद असताना पाण्याच्या येण्याच्या दिशेला टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. अशी 74 लॉक. होड्या साडेचौदा फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या फुटाची सवड. रात्री, पावसात, दमलेल्या खेचरांबरोबर ही होडी त्या पेटीत नेमकी घालणारी माणसं किती सराईत असतील!

सायकलवर हे सगळं पायांना कळतं. मैलोन् मैल सपाट चालवायचं आणि लॉक आलं की पन्नासेक पावलांचा छोटा उतार. पेडल न मारता सायकल पुढे जाते. प्रत्येक उताराला ताई मागून ओरडायची, "आठ फूट!"

पहिल्या टप्प्यात गावं विरळ, झाडी दाट. कालव्यात बऱ्याच ठिकाणी पाणी उरलेलं नाही. तळाशी दलदल, कुठे कुठे मोठमोठी झाडंच उगवली आहेत. पाणी आहे तिथे आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर कासवांची रांग, सायकलची चाहूल लागली की एकेक करून पाण्यात डुबुक. पांढऱ्या सालीचे सायकामोर वाटेवर वाकलेले. आणि त्यांच्या सावलीत, लांब पानांची, फारशी उंच नसलेली पॉ पॉची झाडं.

या झाडाबद्दल सांगायलाच हवं. पॉ पॉ हे आपल्या सीताफळाच्या कुळातलं फळ. ते कुळ मुख्यतः उष्ण प्रदेशातलं, त्यातली ही एक जात अमेरिकेच्या थंडीत तग धरून राहिलेली. सप्टेंबरमध्ये ही फळं पिकून आपसूक खाली पडतात. बाहेरून हिरवट पिवळी, लांबोडकी. आत मऊ पिवळा गर आणि मोठ्या काळपट बिया. ताईनं एक उचलून दोन्ही हातांनी फोडलं आणि अर्धं मला दिलं. सीताफळाचा गोडवा, त्यात केळ्याचा वास. साल पातळ आणि गर इतका नाजूक की हे फळ दुकानापर्यंत क्वचितच पोचतं. खायचं तर झाडाखालीच यावं लागतं. आम्ही वाटेत रोज खाल्ली.

याच फळाचं नाव असलेल्या गावाजवळ या कालव्यावरचं सगळ्यात मोठं काम आहे, पॉ पॉ बोगदा. नदी इथे इतकी वळणं घेते की तिच्या काठानं जायचं तर सहा मैलांचं अवघड बांधकाम करावं लागलं असतं. म्हणून डोंगर आरपार खोदायचं ठरलं. लांबी 3,118 फूट. काम 1836 मध्ये सुरू झालं, दोन वर्षांत संपेल असा अंदाज होता. लागली चौदा. खडक ठिसूळ, सुरुंगाला काळी दारू, आणि दिवसभर राबून काही फुटांची प्रगती. वरून विहिरींसारखे उभे खड्डे खणून आतही काम सुरू केलं, तरी वेग येईना. कंपनीकडचे पैसे संपले, मजुरी थकली, कंत्राटदाराचं दिवाळं निघालं. आयरिश मजूर आणि इतर मजुरांत मारामाऱ्या झाल्या. त्याच्याही आधी, 1832 मध्ये, कालव्यावरच्या मजुरांच्या वस्त्यांत कॉलरा पसरला होता. 1834 मध्ये मजुरांच्या दोन गटांतला रक्तपात थांबवायला राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी सैन्य पाठवलं होतं. नंतर बोगद्याला आतून विटांचं अस्तर दिलं, साठ लाखांच्या आसपास विटा लागल्या.

आत शिरताना सायकलवरून उतरावंच लागतं. वाट अरुंद, अंधार गुडूप, खाली काळं पाणी. विजेरीच्या उजेडात विटांचे थर दिसत जातात. कठड्याच्या लाकडावर हात फिरवा, तुमच्या बोटांना खाचा लागतात. वर्षानुवर्षं होड्यांचे दोर घासून पडलेल्या. मी तिथे बराच वेळ थांबले. बोगदा खोदणाऱ्या बहुतेकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. ज्यांची मजुरी बुडाली त्यांनी रचलेल्या विटा मात्र अजून जागच्या जागी आहेत.

रात्री मुक्काम वाटेवरच्याच तंबूच्या जागांवर. साधारण पाच ते सात मैलांवर अशी एकेक जागा आहे: थोडी साफ केलेली जमीन, एक टेबल, चूल पेटवायला लोखंडी कडं, शौचालय आणि हापसा. पैसे नाहीत, आगाऊ नोंदणी नाही, येईल त्याने एक रात्र राहावं. पाणी आयोडीन घालून शुद्ध केलेलं असतं, त्याची चव जिभेवर राहते. लिंबू पिळलं की जाते. एका संध्याकाळी पिट्सबर्गहून निघालेला एक बाप आणि त्याची शाळकरी मुलगी शेजारी उतरले होते. त्यांना मेतकूट-भात इतका आवडला की ताईनं मेतकुटाची उरलेली पुडी त्यांनाच देऊन टाकली.

रात्री नदीपलीकडून मालगाडीचा भोंगा येई. त्या भोंग्यात या कालव्याची सगळी गोष्ट आहे. 4 जुलै 1828 ला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी या कालव्याची पहिली कुदळ मारली. फावडं मुळाला अडलं, तेव्हा त्यांनी अंगातला कोट काढून ठेवला आणि पुन्हा जोर लावला. त्याच दिवशी, बाल्टिमोरमध्ये, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवला जात होता. दोघांनाही ओहायो नदीपर्यंत जायचं होतं. पॉइंट ऑफ रॉक्सला डोंगर आणि नदी यांच्यामध्ये इतकी अरुंद पट्टी आहे की आधी कोण जाणार यावरून वर्षानुवर्षं खटला चालला. 1832 मध्ये कालवा तो जिंकला, पण रेल्वे 1842 मध्येच कंबरलँडला पोचली. कालवा पोचला 1850 मध्ये, आणि ओहायोचा नाद तिथेच सुटला. पुढची चौऱ्याहत्तर वर्षं त्यावरून मुख्यतः कोळसा वाहिला गेला. 1889 च्या पुरानं कंपनी मोडली, कारभार रेल्वेच्याच हाती गेला, आणि 1924 च्या पुरानंतर होड्या कायमच्या थांबल्या.

हॅन्कॉक गावापाशी मेरीलँड राज्य दोन मैलांपेक्षाही अरुंद होतं. हा भाग आम्ही पटकन पार केला. शेजारून जुन्या रेल्वेमार्गावर केलेली डांबरी सायकलवाट जाते, आणि आदल्या रात्रीच्या पावसानं खेचरांच्या मातीच्या वाटेचा रबडा झाला होता, तेव्हा डांबराचा मोह आवरला नाही. पुढे विल्यम्सपोर्टला ओढ्यावरून कालवा नेणारा दगडी जलसेतू आहे. 1920 मध्ये एका होडीनिशी त्याची भिंत कोसळली होती. 2019 पासून त्यात पुन्हा पाणी खेळतंय. खाली ओढा, वर कालवा: पुलावरून पाणी जाताना पाहायला लहान मुलंच कशाला, आम्हीही कठड्याला टेकून उभ्या राहिलो.

त्यानंतरचा बिग स्लॅकवॉटरचा तुकडा मला सगळ्या वाटेत सर्वांत देखणा वाटला. इथे कडे थेट नदीत उतरतात, कालवा खणायला जागाच नाही. म्हणून खाली धरण बांधून नदीचं पाणी अडवलं आणि होड्या सरळ नदीतून नेल्या. खेचरं कड्याला चिकटून चालायची. ती वाट पुरांनी वाहून नेली होती, 2012 मध्ये काँक्रीटची बांधून पुन्हा खुली केली. डाव्या हाताला चुनखडीचा कडा, उजव्या हाताला संथ नदी.

वाटेवरून जरा आत अमेरिकेच्या यादवी युद्धातली अँटिएटमची रणभूमी आहे. 17 सप्टेंबर 1862 या एका दिवसात तिथे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे तेवीस हजार माणसं गारद झाली. हार्पर्स फेरीला, जिथे जॉन ब्राउन यांनी 1859 मध्ये गुलामगिरीविरुद्ध शस्त्रागारावर छापा घातला, नदीवरच्या रेल्वेपुलाला लागून पायवाट आहे. सायकली खाली कुलूपबंद करून आम्ही पलीकडे गेलो. शेनंडोआ आणि पोटोमॅक यांचा संगम वरून डोळे भरून पाहिला. मोनोकसीचा सात कमानींचा जलसेतूही याच युद्धात उडवून द्यायचा प्रयत्न झाला होता. दगडानं दाद दिली नाही.

मग हे सगळं उरलं कसं? 1938 मध्ये सरकारनं हा बंद पडलेला कालवा वीस लाख डॉलरला विकत घेतला. वॉशिंग्टनजवळचे बावीस मैल सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या, बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या तुकड्यांनी दुरुस्त केले. ज्या खालच्या भागात आज सर्वाधिक गर्दी असते, तो त्यांच्या श्रमांवर उभा आहे, आणि हे सांगणारे फलक अजून मोठे हवेत असं मला मनापासून वाटतं. पुढे या जागेवर मोटाररस्ता करायची टूम निघाली. 1954 च्या जानेवारीत 'वॉशिंग्टन पोस्ट'नं अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून आव्हान दिलं: माझ्याबरोबर ही वाट पूर्ण चालून पाहा. मार्चमध्ये मंडळी कंबरलँडहून निघाली. शेवटपर्यंत सगळी वाट चालले ते नऊ जण. पण वर्तमानपत्राचं मत बदललं, रस्ता बारगळला आणि 1971 मध्ये हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.

त्या पदयात्रेतून निघालेली संघटना अजून काम करते. तिचे स्वयंसेवक कालव्याचे तुकडे वाटून घेतात. आपापल्या तुकड्यावर चालायचं, कचरा उचलायचा, कुठे झाड पडलंय, कुठे भराव खचलाय ते कळवायचं. ताई त्यांतली एक. तिचा तुकडा आला तेव्हा ती सायकलवरून उतरली, पिशवी काढली आणि कामाला लागली. मी म्हटलं, "ताई, आज तरी राहू दे ना." ती म्हणाली, "अगं, आज तर तू पण आहेस. दोन पिशव्या होतील." झाल्या.

ग्रेट फॉल्सला नदी खडकांतून आदळत उतरते आणि कालवा तिच्या शेजारी एकामागोमाग लॉकमधून तोच उतार गाठतो. इथून पुढे शनिवार-रविवारची झुंबड, धावणारे, कुत्रे, बाबागाड्या. सावकाश चालवावं लागतं. जॉर्जटाउनमध्ये शून्य मैलाचा दगड एका बोटक्लबच्या मागे नदीकाठी आहे, शोधावा लागतो.

जायचं असेल तर एप्रिलचा शेवट ते ऑक्टोबर चांगला. हिवाळ्यात हापशांचे दांडे काढून ठेवतात. टायर रुंद हवेत, मडगार्ड हवेतच. कंबरलँडच्या वर पिट्सबर्गपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरून आणखी 150 मैलांची सायकलवाट आहे. ती 2,392 फुटांवरची पाणलोटाची सीमा ओलांडते. पुढच्या खेपेला तिथून निघायचं ठरलंय. त्या चढासाठी आणखी हलका गिअर लागेल, तो ताईनं आत्ताच दुकानात सांगून ठेवला आहे.