ऑक्सबर्ग हॉलच्या महाद्वाराची प्रतिकृती : वीटकामाचा टप्पा

नॉरफोकमधील ऑक्सबर्ग हॉल या विटांच्या वाड्याच्या महाद्वाराची १:५० प्रमाणातील प्रतिकृती आता बुरुजांच्या वीटकामापर्यंत आली आहे. मूळ महाद्वाराची उंची सुमारे ८० फूट असल्याने प्रतिकृती जेमतेम ४९ सेंटिमीटरची होते. या मापात विटेचा प्रत्येक थर डोळ्यांना वेगळा दिसतो, म्हणूनच हे प्रमाण घेतले.

संपूर्ण वाडा न करता केवळ महाद्वार करण्यामागे कारण आहे. एडमंड बेडिंगफील्ड यांना १४८२ मध्ये चौथ्या एडवर्ड राजाकडून चर्या, म्हणजे भिंतींवरचे दातेरी कठडे, बांधण्याचा परवाना मिळाला आणि मधल्या चौकाभोवती चार बाजूंनी उभा असलेला, खंदकाने वेढलेला हा वाडा आकाराला आला. पुढे १७७५ मध्ये दिवाणखाना असलेली वाड्याची दक्षिण बाजू पाडण्यात आली, आणि १९व्या शतकात जॉन चेसेल बकलर यांनी केलेल्या कामात नक्षीदार धुराडी आणि टेराकोटाच्या खिडक्या आल्या. त्यामुळे छायाचित्रात जे सर्वांत जुने भासते, त्यातील बरेचसे मुळात नंतरचे आहे. महाद्वार मात्र बव्हंशी १५व्या शतकातलेच राहिले, आणि मला एकाच काळाचे काम दाखवायचे आहे.

पूर्व इंग्लंडच्या या भागात घडाईचा दगड जवळपास मिळत नाही, गारगोटी मात्र विपुल आणि विटेची माती हाताशी. लाकडाच्या जाळावर भाजलेल्या त्या विटा एकसारख्या निघत नसत. आचेजवळची वीट काळपट जांभळी होई, लांबची फिकट नारिंगी. म्हणून मी संपूर्ण भिंतीला एक रंग न देता तांबड्या रंगाच्या चार छटा तयार केल्या आणि विटा विखुरत्या रंगवल्या. त्यावर चुन्याच्या दर्जांसाठी, म्हणजे विटांमधल्या सांध्यांसाठी, पातळ पांढरट रंग फिरवून ओल्या फडक्याने वरवर पुसून घेतला, की तो फक्त खाचांत उरतो.

थरांसाठी इंग्लिश बाँड ही विटा रचण्याची पद्धत घेतली आहे : एका थरात विटांची लांब बाजू, वरच्या थरात डोकी, म्हणजे विटांची आखूड टोके. या मापात वीट साधारण साडेचार मिलिमीटर लांब आणि थर दर्जेसह जेमतेम दीड मिलिमीटरचा होतो. माउंट बोर्डवर (जाड पुठ्ठ्यावर) हवेत वाळणाऱ्या मातीचा पातळ थर लाटून, ती अर्धवट वाळल्यावर स्टीलच्या पट्टीने आडव्या रेषा दाबल्या. उभ्या दर्जांसाठी पितळी पट्टीचे दोन ठसे केले, एक लांब विटेचा आणि एक डोक्याचा. माती फार ओली असेल तर कडा फुगतात, पूर्ण वाळली तर तडकतात. नखाने दाबल्यावर खूण उमटते पण माती चिकटत नाही, तीच वेळ योग्य.

सर्वांत अधिक वेळ बुरुजांच्या कोपऱ्यांनी घेतला. बुरूज बहुकोनी असल्याने कोपरा काटकोनात न येता १३५ अंशांत वळतो आणि तिथे नेहमीची वीट बसत नाही. मूळ गवंड्यांना अशा ठिकाणी साच्यात घडवलेल्या किंवा तासलेल्या विटा लागत. मी प्रत्येक पृष्ठ स्वतंत्र करून कडा साडेबावीस अंशांनी तिरक्या कापल्या, आणि जोड बसवल्यावर थरांच्या रेषा कोपऱ्यावरून पुढे ओढून घेतल्या. थर कोपऱ्यावर जुळला नाही, तर बाकी कितीही नेटके असले तरी बुरूज पुठ्ठ्याचा दिसतो.

दरवाजावरच्या दालनाची खिडकी मी मुद्दाम लहान न करता १:५० प्रमाणानुसारच मोठी ठेवली आहे. १४८७ मध्ये सातवा हेन्री इथे आला होता, आणि राजाचे दालन म्हणून ही खोली आजही ओळखली जाते. खंदक आणि चर्या असूनही बाहेरच्या भिंतीत एवढी मोठी खिडकी ठेवणे हे संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेचे बांधकाम असल्याची साक्ष आहे, आणि ते प्रतिकृतीतही स्पष्ट दिसायला हवे.

पुढचे काम जिन्याचे आहे. एका बुरुजात विटांचाच चक्री जिना आहे, त्याचा कठडाही भिंतीतच घडवलेल्या विटांचा. तो दिसावा म्हणून त्या बुरुजाची मागील बाजू उघडी ठेवणार असून, पायऱ्यांखालची वळत जाणारी कमान आधी मेणात करून पाहणार आहे.