आबांची २२ इंची सायकल, जोडणी सुरू: कुठे ग्रीस, कुठे तेल, कुठे काहीच नाही

मंडळी, मागच्या रविवारी सगळं खोलून ठेवलं होतं, या रविवारी जोडायला घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत मागचं चाक, फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारं मागचं दातेरी चक्र), बीबी (पायडलचा एक्सल जिथे फिरतो तो फ्रेमचा भाग) आणि सीटचा दांडा एवढं झालं. पुढचं चाक आणि हँडल बाकी आहे. फोटो नंतर टाकतो, आज फक्त ग्रीस-तेलाबद्दल लिहायचंय, कारण तीन दिवस डोक्यात तेच होतं.

बीबी खोलली तेव्हा आत ग्रीस नव्हतंच म्हणा, तपकिरी मेण होतं, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढावं लागलं. ग्रीस म्हणजे काय तर तेल आणि ते धरून ठेवणारा साबण, स्पंजात पाणी असतं तसं. वर्षानुवर्षं भुसावळच्या उन्हात सायकल उभी, मे महिन्यात फ्रेमला हात लावला तर चटका बसतो, तेल हळूहळू निघून गेलं आणि साबण उरला. वर काळ्या मातीचा फुफाटा. छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, अक्षरशः खडबडीत झालेले.

मग ग्रीस कोणतं? आमच्याकडे हार्डवेअरमध्ये सुटं पिवळं ग्रीस मिळतं, बरेचदा ते कॅल्शियमचं असतं. पाण्याला छान टिकतं, पण साधारण १०० अंशांच्या आसपास वितळतं. लिथियमवालं १८० च्या पुढे जातं. सायकलचं बेअरिंग काही १०० अंशांना जात नाही हे मलाही कळतं, तरी मी लिथियमच घेतलं, कारण आपल्या उन्हाळ्यात ते जास्त काळ अंगात तेल धरून राहील असं मला वाटतं. डब्यावर २ किंवा ३ नंबर असतो बघा, तो घट्टपणाचा. २ म्हणजे मऊ लोण्यासारखं, ३ त्याहून घट्ट. आणि हा नंबर ठरवतात २५ अंशांना! आपल्याकडे मे महिन्यात पहाटेलासुद्धा २५ अंश नशिबाने मिळतात, दुपारी तर ४४-४५. म्हणून मी ३ नंबर घेतला. सह्याद्रीकडे किंवा थंड गावात राहणाऱ्यांनी २ च घ्यावा.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा, जुनं ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय नवं भरू नका. वेगवेगळ्या साबणांची ग्रीसं एकमेकांशी जमतातच असं नाही, लिथियम आणि मातीच्या बेसवालं, म्हणजे बेंटोनाइटचं, एकत्र आलं तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. रॉकेल आता मिळत नाही म्हणून डिझेल घेतलं, जुन्या टूथब्रशने घासलं, फडक्याने पुसून दिवसभर वाळू दिलं.

बीबीत पाव इंची छर्रे, एका बाजूला ११, दुसऱ्या बाजूला ११. आधी जाळीवाले होते, मी सुटे टाकले. कटोरीत, म्हणजे छर्रे बसतात त्या वाटीत, ग्रीसचा जाड थर दिला की छर्रे त्यात चिकटून बसतात, एक्सल घालताना खाली पडत नाहीत, हे ग्रीसचं अजून एक काम. सायकलचं बेअरिंग फिरतं हळू, त्यामुळे भरपूर भरलं तरी चालतं, पण बाहेर आलेलं लगेच पुसा, नाहीतर धूळ तिथेच येऊन बसते. कटोरीच्या आट्यांनाही ग्रीस लावलं. आणि हो, उजवी कटोरी उलट्या आट्यांची असते, डावा पायडलसुद्धा, जोर लावायच्या आधी आठवा.

आता फ्रीव्हील. इथे माझी चूक झाली होती, ती सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. गेल्या वर्षी मी फ्रीव्हीलमध्ये ग्रीस दाबून भरलं, वाटलं जास्त टिकेल. उन्हाळाभर काही नाही झालं. डिसेंबरात पहाटे यावलला निघालो, तापीच्या पुलाजवळ पायडल मारतोय आणि चाक ढिम्म, पायडल नुसते गरगर फिरतायत. थंडीत ग्रीस घट्ट झालं आणि आतले कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके, चिकटून बसले, त्यांची स्प्रिंग केसासारखी बारीक, ती काय उचलणार. सायकल ढकलत घरी आलो. नंतर तात्या मिस्त्रीकडे नेली तर ते एवढंच म्हणाले, "भाऊ, आठे तेलच पाहिजे. ग्रीस घालशी ते कुत्रा चिकटी जातीन." तेव्हापासून लक्षात आहे. यावेळी डिझेलने धुऊन काढलं, टक-टक आवाज मोकळा येईपर्यंत, मग मोटारसायकलच्या २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलचे काही थेंब. शिलाई मशीनचं तेलही चालेल पण ते फार पातळ, आपल्याकडे महिनाभरात निघून जातं. फ्रीव्हील हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) चढवताना आट्यांवर मात्र ग्रीस पाहिजेच, कारण आपण पायडल मारतो तसं ते अजून घट्ट होत जातं, कोरडं बसवलं तर पुढच्या वेळी निघणार नाही.

सीटचा दांडा ग्रीस लावूनच घातला, आतून गंजून जाम होऊ नये म्हणून. ज्यांच्या गिअरच्या सायकलला ॲल्युमिनियमचा दांडा आणि स्टीलची फ्रेम आहे त्यांनी तर हे चुकवूच नका, दोन वेगळे धातू, पावसाचं पाणी गेलं की एकमेकांना असे धरतात की करवतीने कापावा लागतो.

कॉटर पिनच्या (पायडलचा दांडा एक्सलवर पक्का धरणारी पिन) सपाट बाजूला मी काहीच लावलं नाही. ती पाचर आहे, घर्षणावरच धरते. नटाच्या आट्यांना बोटभर ग्रीस, बस.

चेनला प्रत्येक रोलरवर एक थेंब, रात्रभर ठेवली, सकाळी बाहेरून पुसून कोरडी केली. तेल आत पाहिजे, बाहेरचं तेल केळीच्या बागेच्या रस्त्यावर दोन दिवसांत काळं होतं.

मागच्या हबला तेलाची टिकली (तेल सोडायच्या भोकावरचं झाकण) आहे, तिच्यातून आता दोनच थेंब सोडणार, आधी आबा भरपूर सोडायचे आणि ते स्पोकवरून रिमपर्यंत यायचं, मग ब्रेक लागत नसे. पुढच्या हबचे ३/१६ इंची छर्रे, प्रत्येक बाजूला १०, आणायचे आहेत. बुधवारी बाजाराला जाईन तेव्हा घेतो, कोन (एक्सलवरचे, छर्रे ज्यांवर फिरतात ते) पण बदलावे लागतील बहुतेक, एकावर खड्डा दिसतोय.