आईची सिगडी आणि माझा एसी

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे हिवाळ्यातली सकाळ म्हणजे गल्लीभर धूर, कारण घरोघरी अंगणात सिगड्या पेटलेल्या असायच्या. खाली चिपाड, गोवरीचा तुकडा, वर कच्चा कोळसा, थोडं रॉकेल आणि मग पुठ्ठ्याने वारा घालत बसायचं. धूर संपून निखारे लाल झाले की मगच सिगडी आत न्यायची. शाळेत अर्ध्या वर्गाच्या स्वेटरला तोच वास.

पुण्याला आल्यावर मी आईच्या मागे लागून ती सिगडी बंद करायला लावली. मोठा पर्यावरणवाला झालो होतो ना! परवा फोनवर म्हटलं, इथे जाम उकडतंय, रात्रभर एसी चालू असतो. तर म्हणते कशी, "काऊन रे, मग तुही सिगडी कुठं पेटते?"

हिशोब करून बघितला. कोळशापासून बनलेल्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ६५०-७०० ग्रॅम कोळसा जळतो. माझा जुना एसी रात्रीत ८ युनिट खातो, म्हणजे पाच किलोच्या वर. एवढ्यात आईचं दोन दिवसांचं पाणी तापलं असतं. आता ग्रिडमधे कुठली वीज कोणाच्या घरी गेली हे कोणी सांगू शकत नाही, पण राज्याची बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे आणि एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. ५०० मेगावॅटचा वीज बनवणारा एक संच फुल लोडवर चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा लागतो, आणि आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राखच असते, म्हणजे अडीच हजार टन राख, रोज, एका संचाची.

यातली बहुतेक राख चिमणीआधी ईएसपी नावाचं यंत्र पकडतं (विजेच्या भाराने कण प्लेटला चिकटतात), मग ती सिमेंटला, विटांना जाते नाहीतर राखेच्या तळ्यात. राख दिसते म्हणून तिच्यावर ओरड तरी होते, कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू दिसत नाही, तो हवेत जाऊन बारीक कण बनतो आणि लांबपर्यंत पसरतो. त्यासाठी चुनखडीच्या पाण्याने धूर धुणारं एफजीडी बसवा असा नियम २०१५ मधे आला, मुदत वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मधे बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित पट्ट्यातल्या केंद्रांचं एकेक केस बघून ठरणार म्हणे. आपल्या कोळशात सल्फर कमी हे खरंय, पण कोळसा किती जाळतो तेही बघा ना राव.

आणि हे सगळं बसवलं तरी कार्बन डायऑक्साइड तसाच वर जातो, ईएसपी आणि एफजीडी त्याला हात लावत नाहीत. उलट एफजीडी चालवायलाही वीज लागते. नागपूरजवळच्या कोराडी केंद्राच्या ६६० मेगावॅटच्या सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या) संचांना तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो, म्हणून ऐंशीच्या दशकातले २१० चे संच आधी बंद करा हे पटतं, पण शेवटी कोळसा कमी जाळणे हाच एक उपाय उरतो.

त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेतीपंप दिवसा सोलरवर नेणं. शेतकऱ्याला रात्री विंचूकाट्यात पाणी द्यायला जावं लागत नाही, कोळसाही वाचतो. गोची आहे ती माझ्यासारख्यांची, सूर्य मावळल्यावर एसी लावणाऱ्यांची. त्याला बॅटरी हवी, नाहीतर घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पासारखं, पाणी वर चढवून ठेवायचं आणि गरज लागली की खाली सोडून वीज करायची. ते २५० मेगावॅटचं आहे, असे अजून बरेच लागतील.

तोवर मी एसी २६ वर आणलाय आणि पहाटे तीनचा टायमर लावलाय. आईला सांगितलं तर म्हणाली, "अन् पंखा नाही का तुह्याकडं?"