पळस वर, कुसळ खाली

नाशिककरांना रानफुलं म्हटली की श्रावण-भाद्रपदातला अंजनेरीचा डोंगर आठवतो. फाल्गुन-चैत्रातही रान फुलतं, पण ते पानं झडलेल्या झाडांवर. त्यामुळे कुत्र्याला घेऊन निघालेल्या माणसाची मान वर आणि कुत्र्याचं नाक खाली, आणि सगळी भानगड नेमकी खालीच असते.

आधी वरचं. लाल दिसलं की पळस, असं सगळेच ठोकून देतात. खोडावर शंकूसारखे जाड काटे आणि पेल्याएवढं मांसल पाच पाकळ्यांचं फूल असेल तर ती काटेसावर. तिचं फूल पडतं तेव्हा धप्पकन आवाज येतो. पळसाच्या कळीचं देठाकडचं टोपण काळपट, मखमली असतं आणि फुलाची एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. पांगाऱ्याची लालभडक फुलं फांदीच्या टोकाला घोसाने येतात. बोडक्या झाडावर मोठी पिवळीधमक फुलं दिसली तर तो गणेर. बहाव्याचे झुंबर त्यानंतर, एप्रिल-मेमध्ये. कमरेएवढ्या उंचीवर धायटीच्या लाल नळ्या आणि करवंदीची पांढरी, वासाची फुलं. करवंदीच्या जाळीत मात्र कुत्र्याला शिरू देऊ नका, काटे डोळ्यांच्याच उंचीला असतात.

आता कुसळ. मार्चपर्यंत डोंगरउतारावरचं गवत वाळून कुसळांचा गुंता पायवाटेवर पडलेला असतो. एक उचलून बघा: टोक सुईसारखं, त्यामागे उलट्या दिशेचे बारीक तांबूस केस आणि शेवटी पिळलेली लांब शेपटी. दमट लागलं की शेपटीचा पीळ सुटतो, कोरडं झालं की पुन्हा बसतो, आणि टोक गिरमिटासारखं आत घुसतं. उलट्या केसांमुळे मागे येत नाही. बियाणं जमिनीत पेरण्यासाठीची ही सोय कुत्र्याच्या बोटांमधल्या कातडीतही तितकीच चालते. कुत्रा एकच पंजा सारखा चाटतोय, बोटांत फोड आलाय, म्हणजे बहुधा कुसळ आत गेलंय. डोकं एका बाजूला कलवून कान झाडत असेल तर ते कानात आहे. तिथे चिमटा घालायचा नाही, पशुवैद्याकडेच न्यायचं. निघण्यापूर्वी बोटांमधले केस कात्रीने बारीक करून घेतले की निम्मं काम होतं.

दोरी दीड-दोन मीटरची, लांबणारी नको. मार्चपासून टिटवी उघड्या माळावर अंडी घालते आणि ती खड्यांत खडा होऊन जातात. कपारीत फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं. धनगरांचा वाडा किंवा मेंढरं दिसली तर लांबून वळसा घ्या, त्यांचे कुत्रे पाहुणचार करत नाहीत.

चांगलं उजाडल्यावरच निघायचं. नाशिकच्या भोवती ऊस आहे, उसात बिबट्या आहे, आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाद्य. साडेसात ते साडेनऊ पुरे. त्यानंतर काळा पाषाण तापतो. हाताचा पालथा पंजा सात सेकंद टेकवता येत नसेल तर परत फिरा. वीस किलोच्या कुत्र्याला दोन तासांसाठी एक लिटर पाणी, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. जीभ रुंद होऊन लटकली, लाळ चिकट झाली, चाल डगमगली की सावलीत पोटावर-पंजांवर साधं पाणी ओतून वारा घाला आणि तसंच थेट दवाखाना गाठा.

जागा म्हणाल तर पेठ रस्त्याकडचा रामशेजचा पायथा किंवा हरसूलकडचे रस्ते बरे. अंजनेरीला कुत्रा नकोच, तिथल्या दुर्मिळ कंदीलपुष्पाचे कंद मातीत असतात आणि कुत्र्यांना उकरायची हौस. नांदूरमध्यमेश्वर तर पक्ष्यांचं अभयारण्य.

घरी आल्यावर दाराबाहेरच तपासणी: बोटांच्या फटी, कानांच्या मागे, काखा, पट्ट्याखाली. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, रॉकेल, पेटती काडी लावायची नाही. गोचिडीचा ताप लगेच दिसत नाही, एक ते तीन आठवडे जातात. तेवढ्यात कुत्र्याने खाणं सोडलं किंवा हिरड्या पांढुरक्या पडल्या, तर डॉक्टरांना त्या फेरीची तारीख आधी सांगा.