बॅकअप मेल सर्व्हरला पत्त्यांची यादी द्या, नाहीतर तो काढून टाका

जळगाव एमआयडीसीतली डाळमिल असो की धुळ्यातलं कॉलेज, मेल सर्व्हर ऑफिसातच ठेवला की जोडीला बॅकअप एमएक्स, म्हणजे मुख्य बंद असताना मेल घेऊन ठेवणारा दुसरा मेल सर्व्हर, हवाच, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. जेसीबीने फायबर तोडली किंवा दिवसभर लाइट गेली तरी मेल अडू नये, हा हेतू. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचा मेल कुठे द्यायचा ते सांगणाऱ्या नोंदीत, मुख्य सर्व्हर 10 वर, पुण्यातला भाड्याचा 20 वर; आकडा लहान त्याचा मान आधी. पण तुमच्याकडे कोण आहे नि कोण नाही, हे त्या दुसऱ्याला ठाऊकच नसतं.

नसलेल्या पत्त्यावर मेल आला की मुख्य सर्व्हर 'आरसीपीटी टू'लाच, म्हणजे पाठवणारा सर्व्हर पत्ता सांगतो तेव्हाच, 550 (कायमचा नकार) देतो. मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याला कळवायचं काम त्याच्याच सर्व्हरकडे राहतं. बॅकअप मात्र 250 (स्वीकारलं) म्हणतो आणि जबाबदारी अंगावर घेतो. पुढे मुख्य सर्व्हरने नाकारलं की बाउन्स, म्हणजे 'मेल पोचला नाही' असं कळवणारा मेल, बॅकअपनेच पाठवावा लागतो. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो, म्हणजे बाउन्स भलत्याच माणसाच्या माथी. हाच बॅकस्कॅटर, त्यापायी बॅकअपचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो. मुख्य सर्व्हर चालू असतानाही स्पॅमर मुद्दाम 20 वाल्याकडेच जातात, कारण तिथली तपासणी ढिली असते. अडकलेले मेल दाखवणारी 'मेलक्यू' ही कमांड चालवल्यावर 'मेलर-डीमन'ची (बाउन्स याच नावाने निघतात) रांगच रांग दिसली, तर दुखणं हेच. पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर असे न पोचणारे बाउन्स 5 दिवस रेटत राहतं.

बॅकअपवरच्या पोस्टफिक्समध्ये डोमेन फक्त 'रिले_डोमेन्स'मध्ये (पुढे पाठवायची डोमेन) ठेवा आणि 'रिले_रेसिपियंट_मॅप्स' (खऱ्या पत्त्यांची यादी) भरा. ते मुळात रिकामं असतं, आणि रिकामं म्हणजे सगळं स्वीकारा. फाइलमध्ये दर ओळीला एक पत्ता, पुढे 'ओके', मग ती फाइल पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी 'पोस्टमॅप' कमांड. यादी मुख्य सर्व्हरवरून क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) दर 15 मिनिटांनी आणा. एलियस (एकाच पेटीचे दुसरे पत्ते), ग्रुप आणि 'पोस्टमास्टर' हमखास राहून जातात, आणि मग खऱ्या ग्राहकाला कायमचा 550 जातो. ओळी मोजल्याशिवाय जुनी फाइल बदलू नका. लिंक तुटून अर्धीच यादी आली तर उरलेला स्टाफ बाद होतो.

यादी काढता येत नसेल तर 'रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट' लावा. मग बॅकअप मुख्य सर्व्हरला विचारून ठरवतो. सापडलेला पत्ता 31 दिवस कॅशमध्ये राहतो, म्हणून मुख्य बंद असतानाही जुन्या पत्त्यांचे मेल घेतले जातात. नव्या पत्त्याला तेवढ्यापुरता 450 (नंतर पुन्हा पाठवा) मिळतो. मुख्य सर्व्हरवर कॅच-ऑल, म्हणजे कुठल्याही पत्त्याचा मेल घ्यायची सोय, असेल तर हा उपाय फुकट.

बाउन्स गुपचूप फेकून देणं मला अजिबात पटत नाही. पत्ता चुकलेल्या व्यापाऱ्याला ऑर्डर पोचली असंच वाटत राहतं. यातलं काहीच जमत नसेल तर बॅकअप काढाच. पाठवणारे सर्व्हर स्वतः पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. मेल पाठवण्याच्या प्रमाण नियमांच्या, आरएफसी 5321 च्या, नुसार निदान 4-5 दिवस.

लावून झालं की बाहेरच्या नेटवरून बॅकअपच्या पोर्ट 25 वर एक खरा आणि एक खोटा पत्ता देऊन बघा. मग मुख्य सर्व्हर बंद करून तेच पुन्हा करा. यादी लावली असेल तर दोन्ही वेळा खोट्याला 550 आलाच पाहिजे.