पाहिलाय का कोणी?

‘अणुकेंद्रकाला आकार असतो? पाहिलाय का कोणी?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नाही, कोणीच पाहिलेला नाही. मी केंद्रकांचं भौतिकशास्त्र शिकवतो म्हटलं की लग्नाच्या पंगतीत हमखास हा प्रश्न येतो, आणि मी तोंड उघडेपर्यंत विचारणारा मठ्ठ्याकडे वळलेला असतो. बॉम्बबद्दल मला काहीही ठाऊक नाही, हेही एकदाचं सांगून टाकतो.

नेट लावून विचारलं ते फक्त बाबांनी. पिंपरीत टूलरूममध्ये त्यांची उभी हयात गेली; दहा मायक्रॉन इकडचे तिकडे झाले, ठरलेल्या टॉलरन्सबाहेर गेले, की जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्ट. माझी पीएचडी चालू असताना पाहुण्यांसमोर म्हणाले, ‘हा न दिसणाऱ्या वस्तूंची मापं काढतो. पगारही दिसत नाही.’ सगळे हसले. मी ताटावरून उठलो.

रात्री कागद घेऊन त्यांच्यासमोर बसलो. म्हटलं, पूर्ण गोल केंद्रकाला फिरण्याची ऊर्जा घेताच येत नाही. कसंही फिरवा, ते तसंच. लांबट असेल तर घेतं, आणि सोडताना गॅमा किरण टाकत पायरी-पायरीने उतरतं. युरेनियम-२३८ ची पहिली पायरी साधारण ४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे ऊर्जेचं एकक). केंद्रक टणक आणि लांबट असेल, तर पुढच्या १५० आणि ३१५ वर हव्यात. प्रत्यक्षात येतात १४८ आणि ३०७.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘आठ कमी का?’

‘वेगाने फिरताना ते जरा बदलतं.’

‘म्हणजे मोजता मोजता जॉब बदलतोय. आणि फिरत नसताना?’

तेव्हा त्याचा स्पिन, म्हणजे फिरकी, शून्य. बाहेरून बघाल तर सगळीकडून सारखंच.

‘मग लांबट कशावरून?’

मी चिडलो. लांबी केंद्रकाच्या स्वतःच्या अक्षांवर मोजायची, बोर, मॉटलसन आणि रेनवॉटर या भौतिकशास्त्रज्ञांना १९७५ चं नोबेल याच विषयावर मिळालं, वगैरे ऐकवलं. उत्तर चोख होतं, आजही वर्गात तेच देतो. पण ते लांबटपण केंद्रकात आहे की आमच्या हिशोबात, हे छातीठोकपणे सांगायची तेव्हाची धमक आता नाही. तेव्हाचा मी, तो पोरगा, म्हणेल, पायऱ्या दिसतात ना, मग झालं! तसं त्याचंही खरंच आहे.

त्यात शिसं-२०८. प्रोटॉन ८२, न्यूट्रॉन १२६, दोन्ही जादुई आकडे, म्हणजे ज्यांच्यावर केंद्रक विशेष पक्कं होतं, म्हणून गोल केंद्रकाचा नमुना. २०२५ मध्ये त्याच्या उत्तेजित अवस्थांची मापं प्रसिद्ध झाली, तर ती लांबटपणाकडे झुकलेली, आणि आजवरची गणितं तिथे अडतात. बाबांना हे फोनवर सांगितलं. त्यांनी आधी टॉलरन्स विचारला.