पैसा आला तर पेटी बंद होईल का?

मी हार्मोनियमची साथ करतो आणि पुण्यात घरी शिकवण्या घेतो, हे कळले की नवी ओळख झालेली माणसे थोड्याच वेळात एका प्रश्नावर येऊन ठेपतात. उद्या तुम्हाला अचानक घबाड मिळाले, लॉटरी लागली किंवा गावाकडच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, तर तुम्ही पेटी वाजवत राहाल का? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच तयार असते. काहींच्या मते कला उपाशीपोटीच फुलते आणि पोट भरले की आटते; काहींच्या मते खरा कलावंत पैशाकडे ढुंकूनही पाहत नाही. दुसरे मत मांडणारे बिदागीचे पाकीट देताना हात आखडता घेतात, हा माझा अनुभव आहे, पण तो विषय वेगळा. त्या प्रश्नाचे माझे उत्तर जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या मताचे लोक रोसिनीला साक्षीला काढतात. १८२९ मध्ये त्याचा ‘विल्यम टेल’ पॅरिसच्या रंगमंचावर आला, तेव्हा या इटालियन संगीतकाराचे वय ३७ होते आणि त्याच्या नावावर ३९ ऑपेरा जमा होते. त्यानंतर तो १८६८ पर्यंत जगला, पण एकही नवा ऑपेरा त्याने लिहिला नाही. पैसा भरपूर होता, खाण्यापिण्याचा शौक प्रसिद्ध होता. तेव्हा गडी श्रीमंत झाला आणि सुस्तावला, असा निकाल लावणे सोपे जाते. प्रत्यक्षात १८३० च्या क्रांतीत फ्रान्सची राजवट बदलली, त्याला ठरवून दिलेले वर्षासन अडकले, त्यासाठी त्याला वर्षानुवर्षे कोर्टकचेरी करावी लागली आणि प्रकृतीनेही दगा दिला. मला मात्र त्याच्या आयुष्याचा शेवटचा भाग अधिक बोलका वाटतो. १८५८ च्या अखेरीस त्याने पॅरिसमधल्या आपल्या घरी शनिवारच्या मैफली सुरू केल्या आणि या माणसाने पुन्हा लेखणी उचलली. दीडशेच्या वर लहानमोठ्या रचना त्याने या उतारवयात केल्या आणि त्यांना ‘म्हातारपणची पापे’ असे नावही स्वतःच दिले. त्या काळात त्याची श्रीमंती कमी झालेली नव्हती. फरक पडला तो एवढाच, की दर शनिवारी दिवाणखान्यात ऐकणारी माणसे येऊन बसणार होती.

रशियन संगीतकार चायकोव्हस्कीचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. नाडेझ्दा फॉन मेक या धनाढ्य विधवेने १८७७ पासून त्याला वर्षाला सहा हजार रूबल द्यायला सुरुवात केली, आणि दोघांनी एकमेकांना कधीही भेटायचे नाही, असे ठरले. दुसऱ्याच वर्षी त्याने मॉस्कोच्या संगीतशाळेतली शिकवण्याची नोकरी सोडली. शिकवण्या घेऊन चरितार्थ चालवणाऱ्या कोणालाही त्या राजीनाम्याचा हेवा वाटेल. हा आधार १८९० पर्यंत टिकला आणि त्या काळात व्हायोलिन कन्चेर्टो, पाचवी सिंफनी, ‘स्लीपिंग ब्यूटी’ बॅलेचे संगीत अशी मोठी कामे त्याच्या हातून झाली. पैसे पुरवणाऱ्या या बाईंना लिहिलेल्या पत्रांतच तो सांगतो, की लहर लागण्याची वाट पाहत बसू नये, रोज ठरल्या वेळी कामाला बसावे. म्हणजे नोकरी सुटली, पण नोकरदाराची शिस्त त्याने सोडली नाही. पैशाने त्याला मोकळा वेळ दिला, आणि त्या वेळाचे काय करायचे, हे त्याला आधीपासून माहीत होते.

आपल्याकडे पाहायचे तर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघी गायिका समोर येतात. दोघी गोव्याच्या, दोघींना जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची तालीम लाभली. केसरबाईंच्या मागे श्रीमंत आश्रयाचे बळ होते आणि पुढे त्यांची बिदागी सर्वांत चढी असे. मोगूबाईंनी वैधव्यात लहान मुलांना वाढवत, गाणे शिकवून घर चालवले. केसरबाईंना पैशाची ददात नव्हती म्हणून त्यांचा रियाज सैलावला असे त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून कोणी म्हणणार नाही, आणि मोगूबाईंची लयीवरची हुकमत गरिबीने दिली असे म्हणणे तर त्यांच्या मेहनतीचा अपमान होईल. दोघींच्या माथ्यावर खाँसाहेबांचा कान होता. तो चुकवणे पैशाला शक्य नव्हते आणि दारिद्र्यालाही.

माझ्या बाबतीत मात्र एक अडचण आहे, आणि ती लेहऱ्याशी निगडित आहे. तबल्याच्या एकल वादनाला किंवा कथकला पेटीवर लेहरा धरावा लागतो. बहुतेक वेळा तीनताल असतो; सोळा मात्रांची एक छोटी धून, समजा चंद्रकंस रागातली, घ्यायची आणि पाऊण तास, तासभर तीच वाजवायची. आलाप नाही, तान नाही, टाळी नाही. तबलजी पेशकार, कायदे, रेले अशा रचना एकामागून एक वाजवत जातो, लय न बदलता दुगुण-चौगुण करतो, म्हणजे त्याच लयीत दुप्पट-चौपट बोल भरतो, आणि त्या ओघात पेटीवाल्याचा हात नकळत पुढे सरकू लागतो. तो सरकू द्यायचा नाही. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, केसभर अलीकडे पडली तरी आपण आपल्या समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, ठाम राहायचे. समेवर भात्याचा झटका बसू नये म्हणून चौदाव्या-पंधराव्या मात्रेलाच भाता भरून घ्यायचा. विशारदच्या परीक्षांच्या मोसमात तर ओळीने विद्यार्थी येतात आणि तोच लेहरा दिवसभर चालतो. संध्याकाळी चहा पितानाही डोक्यात सोळा मात्रा फिरत असतात.

तरुणपणी मी ही कामे केवळ भाड्याच्या पैशांसाठी घेतली. हाताशी दुसरा पैसा असता तर मी त्यांच्या वाटेलाही गेलो नसतो आणि घरी बसून आवडत्या रागांचे आलाप वाजवत राहिलो असतो, याबद्दल मला शंका नाही. आज विलंबित ख्यालाच्या साथीला बसलो असता गवई कितीही लांब फिरून आला तरी सम कुठे आहे हे मला ठेक्याकडे न पाहता कळते, ते त्या नाइलाजाच्या तासांमुळे. म्हणून अचानक आलेल्या पैशाने संगीताची ओढ जाईल असे मला वाटत नाही. मला धास्ती आहे ती नकार देण्याच्या सोयीची. आवडीचे तेवढेच वाजवायचे ठरवले की हात आपल्या आवडीच्या पलीकडे जात नाही, आणि आपली आवड बहुधा आपल्याला जे आधीच जमते त्याच्याच आसपास घोटाळत असते. श्रीमंत हौशी वादकांच्या घरी मिरजेचे उत्तम तंबोरे पाहिले आहेत. त्यांची जवारी काढून, म्हणजे घोडी घासून तारांचा झंकार मोकळा करून, घ्यायला वर्षानुवर्षे कोणी फिरकलेले नसते, कारण त्या घरात सुराला नावे ठेवण्याची कोणाची टाप नसते.

तेव्हा प्रश्नाचे सरळ उत्तर असे. पैसा आला तर लग्नाच्या स्वागत समारंभात जेवणाऱ्यांच्या गलक्यात वाजवणे मी त्याच दिवशी सोडेन, आणि त्याची हळहळ मला वाटणार नाही. शिकवण्या निम्म्या करीन. परीक्षांचे लेहरे मात्र सोडणार नाही, आणि त्यांची बिदागीही घेत राहीन. कारण फुकट येणाऱ्या माणसाला उशिरा येण्याची मुभा मिळते आणि पैसे घेणाऱ्याला दहाच्या ठोक्याला पट्टी जुळवून बसावेच लागते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत चांगल्या पगाराची आयटीतली माणसे बरीच आहेत, आणि हा प्रश्न सर्वांत जास्त तीच विचारतात. त्यांना वाटते की पैशाची चिंता मिटली की रियाज आपोआप होईल. मी त्यांना नवा राग देण्याआधी जवळपासच्या एखाद्या तबल्याच्या वर्गात आठवड्यातून एकदा लेहरा धरायला पाठवतो. काही जण दोन-तीन आठवड्यांत कामाचा व्याप सांगून गळतात. जे टिकतात, त्यांना पगारवाढीनंतरही पेटी सुटेल का, ही शंका मला विचारावीशी वाटत नाही. ते विचारतात ते पुढच्या वर्गाला कोणती पट्टी लागणार आहे.